चौघींची आंबील

तुळजाबाईंनी देव्हाऱ्यातली भांडी चिंचेच्या कोळात घातली होती. घंटा घासून झाली होती, निरांजन निम्मं उजळलं होतं आणि समईला तर अजून हातही लागला नव्हता, तेवढ्यात फोन वाजला. दोन्ही हात चिंचेचे, म्हणून सून शिल्पानं फोन त्यांच्या कानाला धरला.

"तुळजे, पौष लागला," पलीकडून उदगीरची रुद्राणी बोलत होती.

"मग?"

"मग काय माय? कुणाची लग्नं न्हाईत, साखरपुडे न्हाईत. तुला मांडवात मिरवायचं न्हाई, मलाबी न्हाई. येत्या शनवारी अंबिकेच्या डोंगरपट्टीत मुक्काम. रानात झोपायचं. येळवसेची कोपी अजून उभी हाय म्हणते ती. यंदा न्हाई गेलो तर पुढच्या साली गुडघे ऐकणार न्हाईत."

तुळजाबाईंनी शिल्पाकडं पाहिलं. शिल्पानं मान डोलावली, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं.

"येते," तुळजाबाई म्हणाल्या आणि चिंचेच्या हातानंच फोन घेतला.

या चौघी एका वर्गातल्या. उदगीरच्या मुलींच्या शाळेत होत्या, एकाच वसतिगृहात राहायच्या, आणि गाईडच्या पथकात तर एकाच रांगेत उभ्या राहायच्या. रुद्राणी पुढं उदगीरच्याच एका अडतीच्या दुकानवाल्याच्या घरात पडली. धम्मप्रिया नर्स झाली आणि बिलोलीला रिटायर झाली. अंबिका मुखेड तालुक्यात डोंगराखालच्या गावात शेती करते, म्हणजे खरोखर करते, नावाला नाही. आणि तुळजाबाई मुखेडला. पहाटे चारला उठणं, सडा, हरिपाठ, शनिवारी मारुतीला तेल, पौषातल्या रविवारी सूर्याला अर्घ्य, आणि मधल्या वेळात सगळ्या घराचं खाणंपिणं. वय सत्तावन्न.

तुळजाबाईंची एक गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. नेम धरला होता असं नाही, जमतच नसे. शिल्पाच्या आईनं पहिल्यांदा पुरणपोळी केली आणि हौसेनं विचारलं, "कशी झाली विहीणबाई?" तर या म्हणाल्या, "कोरडी झाली बघा, पण पुरण बरं हाय." तेव्हापासून त्यांना काही विचारायच्या आधी माणसं जरा थांबून विचार करायची.

दुसरी गोष्ट फक्त घरात आणि या मैत्रिणींना ठाऊक होती. नववीत असताना गाईडचा हिवाळी कॅम्प लागला होता. उदगीरच्या बाहेर माळावर तंबू, रात्री शेकोटी, सकाळी झेंडा. तुळजाबाईंनी दोन दिवस गाठी मारायची प्रॅक्टिस केली होती. तंबूच्या दोऱ्या त्यांनीच बांधल्या. शेकोटी पेटली, राखेत रताळी पुरली, आणि सायकलवर मामा आला. "चल, पाहुणे आलेत बघायला." त्या "हाव मामा" म्हणाल्या आणि सायकलच्या दांडीवर बसून गेल्या. आठ महिन्यांनी लग्न झालं. तंबूत झोपायचं राहूनच गेलं. राखेतलं त्यांचं रताळं रुद्राणीनं खाल्लं, हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं, आणि वर, "गोड व्हतं," असंही.

श्रीमंतराव, म्हणजे तुळजाबाईंचे यजमान, ही गोष्ट निघाली की मिशीतल्या मिशीत हसत. "त्या पाहुण्यांत मीच व्हतो की. माझ्या पायी तुझा कॅम्प बुडाला."

"तुमच्या पायी बरंच काय बुडालं," तुळजाबाई म्हणत आणि हेही खरंच असायचं.

तर आता शनिवारी जायचं होतं. मुलगा सत्यम बी-बियाण्याचं दुकान चालवतो. त्याला ही कल्पना काही पसंत पडली नाही. थंडी, रानडुकरं, आईचं बीपी, सगळं त्यानं बोटांवर मोजलं. शेवटी, "दिवेलागणीला फोन करायचा. काही कमी-जास्त असलं तर मी गाडी घेऊन येणार आन् चौघींना बी घेऊन येणार," या अटीवर तो गप्प बसला. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणणारा तो नव्हता. मागच्या वर्षी श्रीमंतरावांना भजनाला उशीर झाला तर त्यानं सप्त्याच्या मांडवातून त्यांना उचलून आणलं होतं.

शनिवारी मारुतीला तेल घालून, डोक्याला स्कार्फ बांधून तुळजाबाई निघाल्या. काखेत आंबिलीचं बिंदगं, कळशीएवढं. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण, आलं, ओवा, हिरवी मिरची लावून, रात्रभर आंबवलेली. तुळजाबाईंच्या आंबिलीला येळवसेच्या, म्हणजे रानात जेवायच्या वेळा अमावस्येच्या दिवशी शेजारच्या शेतातली माणसं तांब्या घेऊन येत. बिंदग्याच्या तोंडाला फडकं आणि त्यावर दोरीची अशी गाठ, की बैलगाडी उलटली तरी थेंब सांडू नये. पिशवीत हळदीकुंकू, अर्घ्याला तांब्या, कापूर, अगरबत्ती, काडेपेटी. झालं सामान.

फाट्यावर चौघी भेटल्या. तिथून डोंगरपट्टीपर्यंत वर चढत तासाभराची चाल. वाटेत बाभळी, करडईची काटेरी रानं आणि खाली दूरवर तलावाचं पाणी. चौघींच्याही हातात, डोक्यावर काहीतरी जड होतं. रुद्राणीनं दुधाचा मोठा स्टीलचा कॅन आणला होता आणि दर पन्नास पावलांना हात बदलत होती. धम्मप्रियाच्या पाठीवर पिशवी आणि हातात झाकणाचा डबा. अंबिकेच्या डोक्यावर मडकं.

"काय आणलंस गं?" असं मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. दम लागला होता हे एक. आणि बाकीच्यांनी काय आणलं असणार ते प्रत्येकीला ठाऊकच होतं हे दुसरं.

कोपी फक्कड होती. कडब्याच्या पेंढ्या तिरक्या उभ्या करून केलेली, आत पांडवांचे पाच दगड, चुना लावलेले. येळवस होऊन आठ-दहा दिवस झाले तरी आत अजून आंबिलीचा आणि धुपाचा वास होता. समोर उतारावर अंबिकेची ज्वारी उभी, कणसं दुधावरून नुकतीच घट्ट व्हायला लागलेली. चौघींनी पाय पसरले, पाठी टेकल्या, आणि शाळेतल्या जुन्या बायांची नावं काढून तासभर हसून घेतलं. गाईडच्या बाईंची शिट्टी कशी वाजायची ते धम्मप्रियानं दोन बोटं तोंडात घालून करून दाखवलं तर लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकलं.

ऊन कललं तशी अंबिका म्हणाली, "भूक लागली बाई. काढा आता."

तुळजाबाईंनी गाठ सोडली, फडकं काढलं. "घ्या. रात्रीच ठेवली व्हती. बघा आंबट कशी झाली."

रुद्राणीनं कॅनचं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. कॅनमध्ये आंबील होती.

धम्मप्रियानं डबा उघडला. आंबील.

तिघींनी अंबिकेकडं पाहिलं. अंबिकेनं मडक्यावर हात ठेवला, जसं काही ते पळून जाणार होतं. "आता मी तर बाई रानाची मालकीण. मी आंबील न्हाई आणायची तर कोण?"

"भाकरी?" तुळजाबाईंनी विचारलं.

"तू आणली असशील."

"मी? आमच्याकडं येळवसेला भाकरी शिल्पा बडवती. भज्जी तीच करती. मी फकस्त आंबील बघती."

"माझी बी सून," रुद्राणी म्हणाली.

"माझी जाऊ," अंबिका म्हणाली.

"मी पांडव काय पुजत न्हाई," धम्मप्रिया म्हणाली, "पण येळवसेला आमच्या रानात पूजेबिगर बी आंबील लागतेच. बाकीचं शेजारीण आणती."

तेव्हा कुठं चौघींच्या ध्यानात आलं. येळवसेला घरोघर असंच असतं. घरातल्या थोरल्या बाईनं आंबील करायची, तिनं बाकी कशाला हात लावायचा नाही. बाजरीचे उंडे, डाळी-भाज्यांची भज्जी, भाकरी, धपाटे, गोधड्या, सतरंज्या, सगळं बाकीचे लोक आणतात, गाडीत भरतात, उतरवतात. आणि इथं चारी थोरल्याच जमल्या होत्या.

"पांघरायला?" धम्मप्रियानं हळूच विचारलं.

कोपीत येळवसेची राहिलेली एक सतरंजी होती. धम्मप्रियाच्या पिशवीत एक शाल, टॉर्च आणि ताप मोजायचं यंत्र.

"ताप आला की मोजू," रुद्राणी म्हणाली, आणि चौघी पोट धरून हसल्या. हसून झालं तशी थंडी जाणवली. डोंगरावर सूर्य बुडायच्या आधीच गारठा उतरतो. हसण्यानं भूक आणखी वाढली होती.

"अंगदला फोन करू का?" अंबिका म्हणाली. अंगद तिचा पुतण्या. "मोटरसायकलवर आणून देईल सगळं."

"अंगदला सांगितलं की गावाला कळलं," रुद्राणी म्हणाली. "गावाला कळलं की सत्यमला कळलं. आन् सत्यमला कळलं की तुळजा गेली. पुन्हा तेच व्हईल बघ."

'पुन्हा' म्हणाली आणि तिनंच जीभ चावली. तुळजाबाई मावळतीकडं बघत होत्या. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की आज सूर्य इथं मावळताना बघावा आणि उद्या इथंच उगवताना बघावा. बेचाळीस वर्षांनी एक रात्र. त्याहून जास्त त्यांनी मारुतीकडं सकाळी मागितलंही नव्हतं.

फोनला रेंज फक्त कोपीमागच्या मोठ्या खडकावर येत होती. दिवेलागणीला तुळजाबाई खडकावर चढल्या. मागं तिघीही चढल्या.

"झालं म्हण," धम्मप्रिया कानाशी कुजबुजली. "जेवण झालं, मस्त झालं. दोन शब्द हायत फकस्त."

"पोटावर हात ठेवून बोल, म्हंजे खोटं वाटायचं न्हाई," रुद्राणी म्हणाली.

सत्यमनं पहिल्याच रिंगला उचललं. "आई, बरी हायस का?"

"बरी हाय."

"जेवलात का?"

रुद्राणीनं दोन्ही हात जोडले. धम्मप्रियानं मान वरखाली हलवली.

"न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "भाकरी कुणीच आणली न्हाई. चौघींनी आंबीलच आणली."

"म्हंजे? नुसती आंबील?"

"हाव. चार भांडी हायत."

"आन् पांघरायला?"

"एक सतरंजी. धम्मप्रियाची शाल."

रुद्राणी खडकावरच खाली बसली. "अय्यो," ती म्हणाली, "बांधा गं सामान."

"आई, ऐक. इथं मुखेडात दात वाजून राहिलेत, तिथं डोंगरावर काय व्हईल? मी निघून राहिलो. अर्ध्या तासात फाट्यावर येतो. टॉर्च असंल तर हळूहळू खाली या."

खाली पायवाट दिसत होती. संधिप्रकाशात ती अगदी पांढरी, सरळ दिसत होती. उतरायला किती वेळ लागणार? तुळजाबाईंच्या तोंडात "हाव" आलंच होतं. आयुष्यभर तेच आधी येत आलेलं होतं, मामाला, सासूला, मालकांना, आता लेकाला. त्यांनी ते गिळलं.

"सत्यम, येऊ नको."

"आई, उगं हट्ट..."

"भाकर न्हाई हे खरं हाय. पांघरूण न्हाई हे बी खरं हाय. आन् मी सकाळी सूर्याला पाणी दिल्याबिगर खाली येणार न्हाई, हे बी तेवढंच खरं हाय. तू आलास तर फाट्यावर बसून राहशील. मी येणार न्हाई."

पलीकडं खडखड झाली, कुणीतरी फोन ओढून घेतला.

"आत्याबाई, मी शिल्पा. ह्यांच्या हातातली चावी घेतली मी. तुमी बिनघोर राहा. आन् सतरंजीचं काय घेऊन बसलात? कडब्यात घुसून झोपा. माहेरी राखणीला गेलो की आमी तसंच झोपायचो, गोधडीपेक्षा ऊब असती." मग तिनंच विचारलं, "आन् ज्वारी न्हाई का तिथं उभी?"

"हाय की. समोरच हाय."

"हुरड्यात बसून भाकरीला काय रडून राहिल्यात?"

चौघींनी एकदम वळून ज्वारीकडं पाहिलं. दुपारपासून कणसं नाकासमोर डुलत होती.

मागून श्रीमंतरावांचा आवाज आला, "तिला सांग, या खेपेला पाहुणे येणार न्हाईत म्हणावं!"

मग काय, धांदल उडाली. अंबिका कणसं मोडायला गेली. रुद्राणी आणि धम्मप्रिया टॉर्च धरून माळावरच्या वाळलेल्या शेण्या गोळा करू लागल्या. रुद्राणीची अडत आहे, आयुष्यात ज्वारी पोत्यानं बघितली, पण हुरडा भाजायचा म्हणजे आगटी करायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं. घरोघर ते काम गडीमाणसांचं.

"पेटवायला काय हाय?" अंबिकेनं विचारलं, आणि तुळजाबाईंनी पिशवीतून कापूर आणि काडेपेटी काढली तेव्हा तिघींनी त्यांना जवळजवळ नमस्कारच केला.

पहिली पाच कणसं कोळसा झाली. दुसरी पाच कच्ची राहिली. तिसऱ्या खेपेला बेत जमला. गरम कणीस हातावर चोळायचं आणि "हाय हाय हाय" करत फुंकर मारायची. हिरवे, गोड, धुराच्या वासाचे दाणे. अंबिका म्हणाली, "थांबा, पांडवांना पहिल्यांदा," आणि कोपीतल्या पाच दगडांपुढं मूठभर ठेवून आली. धम्मप्रिया म्हणाली, "त्यांचं झालं असलं तर माझ्या हातावर घाल."

आंबील थंडच प्यायची असते. पण त्या गारठ्यात कुणाचा हात पुढं होईना. शेवटी तुळजाबाई म्हणाल्या, "गरम करू."

"आंबील गरम करत्यात का कुठं?" रुद्राणीनं डोळे मोठे केले.

"कुठं करत्यात ते माहीत न्हाई. इथं करू."

आगीत काळं झालं तरी चालेल असं भांडं एकच, अंबिकेचं मडकं. त्यात सगळ्यांची थोडी थोडी ओतली. लसणाचा वास सुटला. रुद्राणीनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "ओवा माझा लागून राहिला."

"ओवा माझा," अंबिका म्हणाली. "तुझ्यात मीठ जास्त हाय, मघाशी बोट घालून बघितलं मी."

"आंबटपणा मात्र माझाच," धम्मप्रिया म्हणाली.

"तुझाच," तुळजाबाई म्हणाल्या, "जरा उतरली व्हती तुझी." यावर धम्मप्रियानं त्यांच्याकडं पाठ केली आणि दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा तांब्या पुढं केला.

वारा सुटला तशी कोपीची एक बाजू उघडून आली. दोन पेंढ्या घसरल्या. अंबिका बांधायला गेली पण सुतळी कडब्यावर टिकेना. तुळजाबाई उठल्या. बिंदग्याच्या तोंडाची दोरी सोडली, स्कार्फ काढला, पदर खोचला, आणि गाईडच्या बाईंनी शिकवलेल्या गाठी एकामागून एक मारत गेल्या. ओढलं की आवळणारी, ओढलं तरी न सुटणारी, एका हातानं सुटणारी. या गाठींनी त्यांनी लेकराच्या झोळ्या बांधल्या, धान्याची पोती बांधली, सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत खाटेला उशा बांधल्या. तंबू मात्र त्या एका संध्याकाळनंतर बांधला नव्हता.

"शिट्टी वाजवू का?" धम्मप्रियानं विचारलं. "पथक सावधान?"

"वाजव. पुन्हा कुत्रं येईल."

मग चौघी कडब्यात शिरल्या. खाली कडबा, वर कडबा, मध्ये सतरंजी आडवी, आणि शाल दोघी-दोघींत ओढाओढीला. अंगाला टोचत होतं, कानात काड्या जात होत्या, रुद्राणी घोरत होती आणि "मी न्हाई घोरत," असं झोपेत म्हणतही होती. तुळजाबाई पेंढ्यांच्या फटीतून बाहेर बघत राहिल्या. चांदण्या एवढ्या जवळ त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिल्या नव्हत्या. हरिपाठाचे चार अभंग मनातल्या मनात झाले. पाचवा कुठं अडकला ते त्यांना आठवत नाही.

जाग आली तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. दहिवर एवढं पडलं होतं की बिंदग्यावर बोट फिरवलं तर नाव लिहिता आलं असतं. रुद्राणीनं तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा मांडली होती. धम्मप्रिया जरा लांब बसून तिचं वंदन म्हणत होती. अंबिका शेकोटी फुंकत होती. पौषातला रविवार. तुळजाबाईंनी तांब्यात पाणी घेतलं, करडईचं एक पिवळं फूल टाकलं आणि खडकावर चढल्या. तळ्यापलीकडून सूर्य वर आला. पाणी सोडताना वाऱ्यानं धार वळली आणि निम्मं पाणी पायांवर सांडलं. देवाला चालतं.

खाली उतरायला लागल्या तेव्हा भांडी हलकी झाली होती. वाटेत धम्मप्रिया म्हणाली, "बुधवारी माझ्या मोतीबिंदूचं हाय. पोरगा बंगळुरूहून शनवारपर्यंत येत न्हाई. दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे म्हणत्यात."

"दुसऱ्याचे घातलेस जन्मभर," अंबिका म्हणाली.

"म्हणून तर ठाऊक हाय, स्वतःला घालता येत न्हाईत."

"मी येते," तुळजाबाई म्हणाल्या. "मंगळवारी येते, शनवारी जाते."

घरी पोचल्या तर सत्यम दारातच उभा होता. तोंड फुगवलेलं, डोळे लाल. रात्रभर तोच नीट झोपला नव्हता हे उघड होतं. "बरी हायस न्हवं?" एवढंच तो म्हणाला, आणि त्यांच्या केसांतली कडब्याची काडी काढली. शिल्पानं चहा पुढं केला. श्रीमंतरावांनी विचारलं, "कसा झाला कॅम्प?"

"लई थंडी, हुरडा थोडा जळला, आंबील चांगली झाली." कप खाली ठेवून त्या पुढं म्हणाल्या, "मंगळवारी बिलोलीला जाते. धम्मप्रियाच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. शनवारी येईन."

सत्यमनं तोंड उघडलं. "मी गाडीनं सोड..."

"एसटीनं जाते."

शिल्पा पदरात हसली. सत्यमनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा वडिलांकडं. श्रीमंतरावांनी पेपर वर केला.

तुळजाबाईंनी चपला अजून काढल्याच नव्हत्या. पिशवी शिल्पाच्या हातात दिली आणि बिलोलीची सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारायला एसटी स्टँडकडं निघाल्या.